अंगणात चार तऱ्हेचे जंको आले, मग प्रजाती किती आणि पक्षी किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत सहा वर्षं काढली, तिथे थंडीत फीडरखाली (पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचं टांगतं भांडं) येणारा काळपट राखाडी, पांढऱ्या पोटाचा जंको हा छोटा पक्षी ओळखीचा झाला होता. आता नोकरीमुळे डेन्व्हरजवळ आलात आणि पहिल्याच बर्फाच्या सकाळी अंगणात चार वेगवेगळ्या दिसण्याचे पक्षी, आणि पक्षी ओळखायचं ॲप चारही फोटोंना 'डार्क-आइड जंको'च म्हणतंय. तर ॲप चुकतंय का, हे नक्की किती प्रकार आहेत, राहतात कुठे, आणि नेटवर जंकोंची एकूण संख्या म्हणून एका ठिकाणी 63 कोटी आणि दुसरीकडे 22 कोटी असे आकडे दिसतात त्यातला खरा कुठला.

ॲप बरोबर आहे. तुम्हीही बरोबर आहात, चार वेगळे दिसले म्हणजे दिसलेच. मी याच भागात गेली सतरा वर्षं राहतोय, त्यातली बारा वर्षं हिवाळ्यात पक्ष्यांना रिंग घालणाऱ्या टीमबरोबर मदतनीस म्हणून जातो (इकडे त्याला बँडिंग म्हणतात), त्यामुळे हातात सगळ्यात जास्त वेळा आलेला पक्षी म्हणजे जंकोच. थोडं सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी तुमचे चार पक्षी. एक तुमचा जुना न्यू जर्सीवाला, स्लेट-कलर्ड, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीच्या रंगाचा, डोक्यापासून छातीपर्यंत एकसारखा आणि खाली पांढरं पोट. दुसरा ज्याने डोक्यावरून काळी माकडटोपी ओढून घेतल्यासारखी दिसते, पाठ तपकिरी, बाजू फिकट तांबूस, तो ऑरेगॉन. तिसरा पिंक-साइडेड, डोकं फिकट राखाडी, चोचीपासून डोळ्यापर्यंत काजळ फासल्यासारखा काळा भाग, आणि दोन्ही बाजूंना गुलाबीसर दालचिनी रंग इतका पसरलेला की छातीखाली जवळजवळ एकत्र येतो. चौथा ग्रे-हेडेड, सगळा फिकट राखाडी आणि पाठीवर मात्र विटकरी रंगाचा एकच ठसठशीत ठिगळासारखा तुकडा. हा चौथा तुमचा लोकल माणूस, उन्हाळ्यात इथल्याच रॉकी डोंगरांत वर घरटं करतो आणि थंडीत खाली उतरतो. ऑरेगॉन वायव्येकडून येतो, पिंक-साइडेड वायोमिंग, मोंटाना, आयडाहोच्या डोंगरांतून, म्हणजे यलोस्टोनच्या आजूबाजूचा, आणि स्लेटवाला पार उत्तरेकडून, कॅनडा-अलास्काच्या बाजूने. नशीब असेल तर पाचवाही येईल, व्हाइट-विंग्ड, तो साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्स आणि आसपासच्या डोंगरांपुरताच प्रजनन करतो आणि थंडीत रॉकीच्या याच पूर्व उतारावर येतो. पाचही एका फीडरखाली बघायला मिळतील अशा जागा अमेरिकेत फार नाहीत, त्यामुळे न्यू जर्सी सोडल्याचं दुःख करू नका.

मग इतके वेगळे दिसतात तर प्रजाती एक कशी? इथे थोडा इतिहास लागतो. 1758 मध्ये लिनियसने याला नाव दिलं, त्याने स्वतः पक्षी पाहिला नव्हता, मार्क केट्सबीने अमेरिकेतून 'स्नो-बर्ड' म्हणून जे लिहून-रंगवून ठेवलं होतं त्यावरून दिलं, आणि नाव फ्रिंजिला हायमॅलिस, हायमॅलिस म्हणजे हिवाळ्यातला. जंको हे नाव वाग्लरने 1831 मध्ये दिलं, ते लव्हाळ्याच्या लॅटिन शब्दावरून आलंय, आणि या पक्ष्याचा लव्हाळ्याशी काडीचा संबंध नाही, पण एकदा नाव चिकटलं की चिकटलं. नंतर लोक पश्चिमेकडे गेले तसतसे नवीन नवीन दिसण्याचे जंको सापडत गेले आणि प्रत्येकाला वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळत गेलं. ऑरेगॉनवाला 1837 मध्ये आला. 1941 मध्ये आल्डन मिलर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञाने हजारो कातडी (म्युझियममध्ये भुसा-कापूस भरून ठेवलेले नमुने) मोजून सगळ्या जंकोंवर मोठा ग्रंथच लिहिला, आणि त्यातून स्पष्ट झालं की जिथे जिथे दोन प्रकारांच्या हद्दी एकमेकांना लागतात तिथे तिथे ते सर्रास एकमेकांत मिसळतात, मधल्या पट्ट्यात ना धड हा ना धड तो असे पक्षी मिळतात. कॅनडाच्या वायव्य डोंगरांत तर स्लेट आणि ऑरेगॉनच्या मधला असा एक अख्खा प्रकार आहे, त्याला कॅसियार म्हणतात, आणि तो फीडरवर आला की अनुभवी लोकांचीही फजिती होते.

शेवटी 1973 मध्ये अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने स्लेट, ऑरेगॉन, व्हाइट-विंग्ड यांना एका प्रजातीत टाकलं, डार्क-आइड जंको, शास्त्रीय नाव जंको हायमॅलिस, आणि ग्रे-हेडेड आणखी काही वर्षांनी त्याच पोत्यात गेला. लोकांच्या लाइफ लिस्टमधून (आयुष्यभरात पाहिलेल्या प्रजातींची यादी) एका रात्रीत पक्षी कमी झाले, जुने बर्डर अजून त्याबद्दल कुरकुरतात, एक आजोबा तर अजूनही वहीत चार वेगळे रकाने ठेवतात, विचारलं की म्हणतात समितीचं तिचं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी. आज या एका प्रजातीत पंधराच्या आसपास उपप्रजाती धरतात आणि त्यांचे गट म्हणजे तुम्ही पाहिलेले हे चार-पाच-सहा.

हे आपल्याकडच्या माणसाला समजायला सोपं उदाहरण म्हणजे पांढरा धोबी. पुण्यात थंडीत नदीकाठी, मैदानावर शेपूट हलवत फिरणारा, तोसुद्धा एकच प्रजाती, पण एकाच्या चेहऱ्यावर काळा मुखवटा, एकाचा गाल पांढरा, एकाची पाठ राखाडी तर एकाची काळी. त्यातल्या एका प्रकाराला कर्नल साइक्सने 1832 मध्ये दुखुनेन्सिस असं नाव दिलं होतं, दुखुन म्हणजे आपलं दख्खन. त्याला तेव्हा ती वेगळी प्रजाती वाटली, आज तशी कोणी धरत नाही. जंकोचं अगदी हेच.

डीएनए आल्यावर तर गंमत झाली. 2007 मध्ये बोर्हा मिला आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या गटांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए (फक्त आईकडून येणारा) तपासला, तर दिसायला एवढे वेगळे असलेले स्लेट, ऑरेगॉन, ग्रे-हेडेड वगैरे त्यात जवळजवळ वेगळे करताच येईनात. अर्थ असा की शेवटचं हिमयुग संपलं, उत्तरेचा बर्फ मागे हटला, तेव्हा मेक्सिकोकडचे जंको वर वर सरकत गेले आणि साधारण गेल्या 10,000 वर्षांच्या आसपास, म्हणजे उत्क्रांतीच्या हिशोबात कालपरवा, हे सगळे रंग तयार झाले. उलट मेक्सिकोच्या खाली, ग्वाटेमाला आणि कोस्टा रिकाच्या ज्वालामुखींवर राहणारे जंको (त्यांचे डोळे पिवळे असतात) खरोखर जुने आणि वेगळे निघाले. म्हणजे रंग बघून अंतर मोजायला गेलं की हमखास फसायला होतं.

आता तुम्ही म्हणाल की एकमेकांत संकर होतो म्हणून एक प्रजाती, सरळ आहे की. तेवढं सरळ नाही. जंकोचा संकर व्हाइट-थ्रोटेड स्पॅरोशीसुद्धा अधूनमधून होतो, आणि तो तर वेगळ्या वंशातला पक्षी, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्दच वेगळा. तरी त्यांना कोणी एक करत नाही, कारण ते प्रकार एखाद-दुसरे, चुकून झालेले. मुद्दा संकर होतो का हा नसून किती सर्रास होतो आणि त्यातून दोघांची सीमा पुसली जाते का, हा आहे. माझं मत विचाराल तर मुख्य भूमीवरच्या सगळ्यांना एक धरणं बरोबर आहे. अपवाद ग्वाडालूप बेटाचा, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापासून समुद्रात साधारण 250 किलोमीटरवर. तिथला जंको जनुकीयदृष्ट्या बराच वेगळा निघाला आणि काही जागतिक याद्या त्याला आता स्वतंत्र प्रजाती मानतात. त्याची कहाणी वाईट आहे, खलाश्यांनी एकोणिसाव्या शतकात बेटावर बकऱ्या सोडल्या, त्यांनी जंगलच खाऊन टाकलं, बेटावरचा काराकारा नावाचा शिकारी पक्षी त्यापुढच्या काळात नामशेष झाला, जंको थोड्याशा सायप्रसच्या झाडांत तग धरून राहिला. या शतकाच्या पहिल्या दशकात बकऱ्या काढल्या आणि आता रोपं परत येतायत, पण मांजरं आहेतच.

कुळाचंही एकदा स्पष्ट करतो कारण मराठी मंडळींत हा घोळ नेहमी होतो. इकडे याला स्पॅरो म्हणतात म्हणून ही आपल्या चिमणीची बहीण नाही. आपली चिमणी वेगळ्या कुळातली, तिला 1851-52 च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडली आणि तिथून ती अमेरिकाभर पसरली, तुमच्या न्यू जर्सीच्या पार्किंग लॉटमध्ये होती ती ती. जंको आधी आपल्याकडच्या भारीट पक्ष्यांच्या कुळात धरत, ज्वारीच्या शेतात थंडीत थवे येतात ना काळ्या डोक्याच्या भारीटांचे, त्यांच्याबरोबर. पण डीएनएवरून कळलं की अमेरिकेतले हे स्पॅरो वेगळी शाखा आहेत, आणि 2017 मध्ये इथल्या यादीत त्यांचं पॅसेरेलिडी हे स्वतंत्र कुळ केलं. भारतात या कुळाचा एकही पक्षी राहत नाही.

राहण्याचा पट्टा मोठा आहे. उन्हाळ्यात अलास्कापासून पूर्वेला न्यूफाउंडलंडपर्यंत कॅनडाचं सूचिपर्णी जंगल, शिवाय पश्चिमेचे सगळे डोंगर, आणि पूर्वेला ॲपलाचियन डोंगरांच्या कण्यावरून खाली उत्तर जॉर्जियापर्यंत. घरटं बहुतेक जमिनीवर, एखाद्या उतारावर मुळाखाली किंवा गवताच्या झुपक्यात. हिवाळ्यात जवळजवळ अख्ख्या अमेरिकेत. तुमच्या न्यू जर्सीचे म्हणजे बहुतेक कॅनडाचे पाहुणे. पण सगळे लांब जात नाहीत, ग्रेट स्मोकीजसारख्या डोंगरातले नुसते वरून खाली उतरतात, महाबळेश्वरची माणसं पावसाळ्यात वाईला आल्यासारखी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे तर बारा महिने तिथेच.

स्थलांतरात एक गोष्ट मला फार आवडते. नर कमी लांब जातात आणि माद्या जास्त दक्षिणेला. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात नर जास्त, दक्षिणेत माद्या जास्त, हे एलेन केटरसन आणि व्हॅल नोलन यांनी 1976 मध्ये दाखवलं. नर अंगाने थोडा मोठा, दादागिरी करणारा, थंडी सोसतो आणि वसंतात लवकर परत जाऊन चांगली जागा अडवतो. फीडरखाली नीट बघा, दाणे भरपूर असले तरी एकजण दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो, शेपटी फिस्कन उघडतो, दोन्ही बाजूंची पांढरी पिसं चमकतात, की दुसरा अर्धा फूट सरकतो. हे दिवसभर चालू.

आणि हे कधी निघायचं कळतं कसं, तर दिवसाच्या लांबीवरून. हा शोधसुद्धा जंकोवरच लागलाय. कॅनडात एडमंटनला विल्यम रोवन नावाच्या प्राध्यापकाने 1924 च्या हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत जंको ठेवले, काहींना संध्याकाळी विजेचे दिवे लावून रोज थोडा थोडा दिवस लांब केला. बाहेर कडाक्याची थंडी, तरी दिव्याखालच्या नरांची प्रजनन इंद्रियं भर हिवाळ्यात वसंतासारखी वाढली. दिवे नसलेल्यांची नाही. तोपर्यंत लोक ऊब-थंडीलाच कारण समजत होते.

आता आकडे. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग हाच आहे.

63 कोटी हा आकडा बरीच वर्षं सगळीकडे छापला जायचा. आता पार्टनर्स इन फ्लाइटचा (पक्षी-संवर्धन करणाऱ्या संस्थांचं जाळं) अंदाज 20 ते 22 कोटींच्या घरात आहे. मधल्या काळात 40 कोटी पक्षी मेले का? नाही हो. मोजायची रीत बदलली. ती रीत कशी असते ते सांगतो म्हणजे कुठल्याही पक्ष्याचा आकडा वाचताना उपयोग होईल.

मूळ माहिती येते ब्रीडिंग बर्ड सर्व्हेतून, 1966 मध्ये सुरू झाला. जूनमध्ये पहाटे एक माणूस गाडी घेऊन ठरलेल्या रस्त्यावर निघतो, साधारण 39 किलोमीटर, त्यात 50 थांबे, प्रत्येक थांब्यावर उतरून बरोब्बर तीन मिनिटं ऐकायचं-बघायचं, 400 मीटरच्या आतलं सगळं लिहायचं आणि पुढे. हे मी केलंय, शेवटच्या दहा थांब्यांना कान बधिर होतात आणि पोटात कावळे ओरडत असतात. यातून कळतं की अमुक रस्त्यावर इतके जंको ऐकू आले. पण गाणारा बहुतेक नर असतो, म्हणून जोडीचा गुणक लावायचा. पहाटे जास्त गातात नंतर कमी, म्हणून वेळेचा गुणक. आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे अंतराचा, की जंकोचा आवाज माणसाला किती लांबून खरोखर ऐकू येतो. जंकोचं गाणं म्हणजे एका सुरातली बारीक थरथर, सायकलची घंटी लांबून वाजल्यासारखी, फार लांब जात नाही. समजा तुम्ही धरलं की 200 मीटरपर्यंत ऐकू येतं, आणि मी धरलं 125 मीटर. फरक छोटा वाटतो ना? पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने जातं, त्यामुळे तेवढ्याच ऐकलेल्या पक्ष्यांवरून माझा अंदाज तुमच्या अडीच पटीपेक्षा जास्त येईल. पक्षी तेवढेच, सकाळ तीच, वही तीच. त्यात जंकोचा मोठा हिस्सा कॅनडाच्या अशा जंगलात राहतो जिथे रस्तेच नाहीत, तिथला आकडा दुसरीकडच्या माहितीवरून ताणून काढायचा.

म्हणून मी एकूण आकड्याकडे 'वीसेक कोटी, इकडे-तिकडे' एवढंच बघतो आणि त्याऐवजी कल पाहतो, कारण तोच रस्ता तशाच पद्धतीने वर्षानुवर्षं मोजला की चूक दरवर्षी साधारण सारखीच राहते आणि चढउतार खरा दिसतो. आणि तो कल चांगला नाही. 2019 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांवर मोठा अभ्यास आला, 1970 पासून एकूण 290 कोटी पक्षी कमी झाले असा, त्यात एकट्या जंकोचे 17 कोटींच्या आसपास. फीडरवर सगळ्यात जास्त ठिकाणी दिसणाऱ्या पक्ष्यांत ज्याची गणना होते त्याची ही स्थिती. वर्षाला एक टक्क्याच्या आसपास घट अंगणात बसून कधीच जाणवत नाही, तीस होते ते पुढच्या वर्षी तीसच वाटतात. धोक्यातल्या याद्यांवर तो नाही, 'चिंता नाही' याच वर्गात आहे, आणि तेही खरंच आहे, वीस कोटी म्हणजे वीस कोटी.

कारणं एक नाही. जंगलतोड, हवामान, आणि घराजवळची दोन मोठी म्हणजे मांजर आणि काच. अमेरिकेत मांजरं वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात असा 2013 चा अंदाज आहे, आणि जंको जमिनीवर खातो, जमिनीवर घरटं करतो, म्हणजे मांजरीच्या तोंडासमोरच. काचेवर आपटणाऱ्यांतही हा नेहमीचाच. तुमच्या फीडरसमोर मोठी काच असेल तर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके लावा, आतून लावून उपयोग नाही, प्रतिबिंब बाहेरच पडतं. ससाण्याचं एकच स्टिकर लावतात त्यानेही काही होत नाही.

बदल किती पटकन होतो त्याचं एक उदाहरण, कारण प्रजाती-उपप्रजातीचा वाद त्याशिवाय कळत नाही. सॅन डिएगोच्या विद्यापीठाच्या कॅम्पसवर 1980 च्या सुमारास डोंगरातले थोडे जंको येऊन बारमाही राहायला लागले. पामेला येह यांनी 2004 मध्ये मोजून दाखवलं की डोंगरातल्या भाऊबंदांच्या तुलनेत कॅम्पसवाल्यांच्या शेपटीतला पांढरा भाग जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी झालाय. वीस-बावीस वर्षांत! म्हणजे दहा हजार वर्षांत माकडटोपी आणि विटकरी पाठ तयार होणं यात आश्चर्य काय.

ही शेपटी हातात बघायला मिळते तेव्हा मजा असते. गेल्या डिसेंबरची एक सकाळ, उणे अकरा, जाळीतून काढलेला नर माझ्या तळहातात, वजन वीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच छोटे चमचे साखर. छातीवर फुंकर मारली की पिसं बाजूला होतात आणि गळ्याच्या खळगीत पिवळी चरबी दिसते, रात्र काढायची शिदोरी. डोळा विटकरी-लाल असेल तर वयाने मोठा, मातकट तपकिरी असेल तर याच उन्हाळ्यातलं पिल्लू. शेपटी उघडली की अगदी बाहेरचं पीस पूर्ण पांढरं, त्याच्या आतलंही बरंचसं, आणि तिसऱ्यावर प्रत्येकाचा हिशोब वेगळा. सोडलं की टिक्-टिक् करत झुडपात. रिंगमुळे कळलेलं एकाचं जास्तीत जास्त वय अकरा वर्षांपेक्षा थोडं जास्त आहे, बहुतेक त्याच्या जवळपासही पोचत नाहीत.

तुमच्याकडून एक करा. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) नोंद करताना नुसतं डार्क-आइड जंको न लिहिता कंसातला गट निवडा, स्लेट, ऑरेगॉन, पिंक-साइडेड, ग्रे-हेडेड, तसे वेगळे पर्याय यादीतच असतात. उद्या समितीने परत वेगळे केले तर तुमच्या जुन्या नोंदी आपोआप योग्य जागी जातील, आणि नाही केले तरी कुठला गट किती खाली उतरतो हे अशाच नोंदींतून कळतं. धड ओळखता आला नाही तर गट लिहू नका, माद्या आणि कॅसियार भल्याभल्यांना चकवतात. दाणे जमिनीवर टाका, पांढरं मिलेट, आपल्या वरीसारखं दिसतं ते, सूर्यफुलापेक्षा त्यावर जास्त तुटून पडतात.

आणि तुमचा तिसरा फोटो, ज्यात पंखावर दोन फिकट पट्टे आहेत आणि खाली 'हाच का व्हाइट-विंग्ड?' असं विचारलंय. मला नाही वाटत. काही स्लेटवाल्यांना असे पुसट पट्टे येतात. व्हाइट-विंग्ड बाकीच्यांपेक्षा डोळ्यात भरेल इतका मोठा असतो, रंग फिकट, चोचही दणकट, आणि उडताना शेपटीत पांढरं इतकं की काळं कमी वाटतं. तुमच्या फोटोत तो बाजूच्या ऑरेगॉनएवढाच दिसतोय. शेपटी उघडलेला फोटो मिळाला तर टाका, मग बघू.